बाकाखालची बाराखडी

आमच्या देवळाची किल्ली एका बाईच्या कमरेला असते आणि देवळाचा कारभार एका माणसाच्या तोंडावर चालतो. ती बाई म्हणजे किल्लीमावशी. तो माणूस म्हणजे मी, मंडळीचा चिटणीस. शाळेत परकी भाषा शिकवतो, म्हणून सगळे मला मास्तर म्हणतात. आम्ही ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो. आमचं देऊळ लहानसं आहे. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा बाकं, पुढे एक मेज, एक वाजवायची पेटी आणि पाळकसाहेबांची खुर्ची. खुर्चीचा एक पाय आखूड आहे, पण पाळकसाहेब इतके शांत की ती कधी हलली नाही.

मावशीचं इस्त्रीचं टेबल देवळाच्या कुंपणाला लागूनच. नवरा गेला तेव्हा मुलगी चौथीत होती. त्याच्यामागे तिच्याकडे दोन गोष्टी राहिल्या: त्याची कोळशाची इस्त्री आणि देवळाची किल्ली. इस्त्रीवर तिने मुलीला शिकवलं, मार्गी लावलं, आणि किल्ली कमरेला अडकवली ती अडकवलीच. आता सत्तरीला टेकली आहे. गुडघे कुरकुरतात, पण शनिवारी दुपारी बारा वाजले की गिऱ्हाईक राजा असो की रंक, इस्त्री खाली ठेवायची, हात धुवायचे आणि रविवारच्या उपासनेसाठी देऊळ झाडायला जायचं.

झाडायला अर्धा तास, आणि बाकं पुसायला तीन तास. मी तिला चिडवायचो.

"मावशी, बावीस बाकं पुसायला तीन तास? बाकं पुसतेस की हत्ती धुतेस?"

"तुझ्या सूचना किती वेळ चालतात रे दर रविवारी? मी कधी काही बोलले?"

तरी मी काहीतरी बोलायचोच. गप्प बसणं हा माझा विषय नाही.

तर यंदा पाहुणे आले. समुद्रापलीकडच्या एका मंडळीचं पत्र आलं की आमची आठ माणसं दहा दिवस तुमच्याबरोबर राहतील, तुमच्याबरोबर उपासना करतील आणि तुमच्या खांद्याला खांदा लावून काम करतील. पत्र वाचून सगळ्यांना आनंद झाला आणि लगेच प्रश्न पडला, काम द्यायचं काय? इतक्या लांबून सेवा करायला आलेल्या माणसाला बसवून ठेवलं तर तो हिरमुसतो, आणि कामाला लावलं तर आपल्याला ओशाळल्यासारखं होतं. शेवटी मीच तोडगा काढला. बाकं घासून पॉलिश करायची. कुणी दुसरं काही सुचवायच्या आत मी कागदावर लिहूनही टाकलं.

मावशीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं होईल. बायकांच्या लुगड्यांना कुसळं लागणार नाहीत." आणि पुन्हा शर्टाच्या कॉलरीकडे वळली.

पाहुणे चांगले होते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात कुणी त्यांच्या नावाने बोटं मोडू नयेत. सकाळी सातला ते आमच्याबरोबर प्रार्थनेला बसायचे. आमच्या कितीतरी गीतांच्या चाली त्यांच्याकडेही त्याच होत्या, म्हणून एकाच चालीवर दोन भाषा चालायच्या. ओळीच्या शेवटी कधी आम्ही आधी पोचायचो, कधी ते. पहिल्या दिवशी आम्ही एकमेकांची वाट पाहत थांबत होतो. चौथ्या दिवशी कुणीच थांबेना आणि गाणं ठीक जमलं.

त्यांच्यातला सर्वांत म्हातारा माणूस मावशीच्याच वयाचा होता. जन्मभर शाळेत मुलांना सुतारकाम शिकवलेला, आणि उंच इतका की छताजवळची जळमटं हातानेच काढायचा. आम्ही त्याला शिडीकाका म्हणू लागलो. पहिल्या दिवशी आमच्या बुटक्या दाराची चौकट त्याच्या कपाळाला लागली. त्यानंतर तो दर वेळी वाकून आत यायचा.

"हा माणूस भला आहे," मावशी म्हणाली. "देवळात येताना वाकतो तरी. तू कधी वाकलास का?"

दोघांना एकमेकांची भाषा ओ की ठो कळत नव्हती. ती रोज दहा वाजता त्याला चहा नेऊन द्यायची आणि आपल्या भाषेत बोलायची, तो आपल्या भाषेत उत्तर द्यायचा, आणि दोघंही समाधानाने मान हलवायची. एकदा तिने त्याचा धुतलेला शर्ट दोरीवरून न विचारता उचलला आणि इस्त्री करून परत टांगला. त्याने दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलाचा डुगडुगणारा पाय न विचारता ठोकून दिला. मी दुभाषा असूनही माझी दोघांनाही गरज पडली नाही, याचं मला थोडं वाईटच वाटलं.

सोमवारी बाकं अंगणात काढली. आपल्याकडे बाकाला पॉलिश म्हणजे जिथे बूड टेकतं आणि पाठ टेकते तिथे. खालच्या बाजूला पॉलिश कोण करतं? पण पाहुणे कामाला पक्के. त्यांनी बाकं उलटी केली. शिडीकाका एका बाकाजवळ उकिडवा बसला, बैठकीच्या खालच्या कडेवर बोट फिरवलं आणि मला हाक मारली.

कडेला बारीक बारीक खाचा होत्या. काही आडव्या, काही तिरक्या, काही फुल्या. काही खाचांत पांढरं काहीतरी भरलेलं. दुसऱ्या बाकालाही तसंच, तिसऱ्यालाही.

"या कुणी केल्या?" त्याने विचारलं.

पाहुण्यांसमोर आमच्या देवळातली बाकं अशी ओरखडलेली निघावीत, याची मला लाज वाटली. मी तडकाफडकी सांगितलं, "पोरांचा खोडसाळपणा. घासून टाका."

तो लगेच उठला नाही. "फार नीट केल्या आहेत," तो म्हणाला. "कुणाला विचारायचं का?"

"विचारायचं काय त्यात? मी चिटणीस आहे."

त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पॉलिशपेपर हातात घेतला. शेवटी आमचं घर, आमची बाकं. पाहुण्याने किती हटकायचं? वीस पावलांवर मावशी आमच्याकडे पाठ करून कुणाच्यातरी लग्नाच्या चादरींचा ढीग उपसत होती. तिला हाक मारायला मला फक्त मान वळवावी लागली असती.

खालच्या बाजूंचं काम सोमवारीच उरकून बाकं सुलटी झाली, आणि शनिवारी दुपारपर्यंत बावीसही आत आली. अशी चकाकत होती की पाळकसाहेब त्यांवर बसायला संकोचत होते. मी फळ्यावर दुसऱ्या दिवशीची गीतं लिहीत होतो, तेवढ्यात मावशी फडकं घेऊन आली. पहिल्या बाकापाशी गेली. उजव्या हाताने वरून फडकं फिरवलं, डावा हात बैठकीखाली घातला आणि थांबली.

मग दुसऱ्या बाकाखाली हात घातला. मग तिसऱ्या. मग गुडघ्यांची पर्वा न करता ती भराभर चालत शेवटच्या ओळीपर्यंत गेली, प्रत्येक बाकाखाली हात घालत. शेवटच्या बाकावर ती खाली बसली. फडकं मांडीवर पडून राहिलं.

"मास्तर," ती म्हणाली, "बाकांना खालून काय केलंत?"

"गुळगुळीत केली. आत्ता कुठे नव्यासारखी दिसताहेत! पोरांनी कसल्या कसल्या खाचा करून ठेवल्या होत्या—"

"त्या माझ्या होत्या."

मी तिच्या शेजारी बसलो. तिने जे सांगितलं ते अगदी साध्या आवाजात, गिऱ्हाइकाला कपडे मोजून द्यावेत तसं सांगितलं. एकतीस वर्षांपूर्वी, नवरा गेल्यानंतर थोड्याच दिवसांत, तेव्हाच्या पाळकांनी तिच्या हातात एक कागद दिला होता. कोणत्या घरासाठी काय प्रार्थना करायची त्याची यादी. वाचता येत नाही हे सांगायची तिला लाज वाटली. आठवडाभर तो कागद तिने पोलक्यात बाळगला. मग इकडे तिकडे कानोसा घेऊन कुणाकडे काय चाललंय ते जाणून घेतलं, आणि प्रत्येक घर ज्या बाकावर बसतं त्या बाकाखाली खिळ्याने खूण केली. आडवी खाच म्हणजे आजार. तिरकी म्हणजे घरातलं कुणीतरी लांब गेलेलं. फुली म्हणजे घरात अबोला. मागणं पुरं झालं की खाचेत मेणबत्तीचं मेण भरायचं.

"पुसताना बोट फिरलं की कळायचं," ती म्हणाली. "खरखरीत लागलं तर मागायचं. मऊ लागलं तर आभार मानायचे."

म्हणून तीन तास. आणि मी हत्ती म्हणत होतो.

"पण मावशी, कुठल्या बाकावर कोण बसतं ते तर तुला माहीतच आहे."

"बसतं कोण ते दिसतं रे. काय मागायचं ते कुठे दिसतं? डोक्याची चाळणी झाली आहे माझ्या. परवा एकच गाठोडं दोनदा इस्त्री केलं. बोटाला आठवायचं, मला नाही." तिने कमरेची दोरी सोडली आणि माझ्या हातात ठेवली. दोरीला किल्ली होती आणि एक बोथट खिळा होता. तो खिळा मी एकतीस वर्षं पाहत आलो होतो. अडलेल्या कुलपासाठी असेल असं समजत होतो. "ही घे. नुसती धूळ पुसायला कुणीही चालेल."

ती गेली. रागावली असती तर मी भांडलो असतो, भांडणात मी कधी हरत नाही. ती रागावलीच नाही.

मला आधी राग आला तो पाहुण्यांचा. कुणी सांगितलं होतं यांना बाकं उलटी करायला? हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी, हे मला कळत होतं, तरी दोन मिनिटं मी त्या रागाला धरून राहिलो. मग लाज वाटली. मावशीने माझ्या आईच्या आजारपणात आमच्या बाकाखाली आडवी खाच केली असेल, माझ्या आईच्या बरं होण्याचं मेण त्यात भरलं असेल, आणि ते घासून टाका म्हणून मी सांगितलं होतं.

शिडीकाका नळावर ब्रश धूत होता. दुभाष्याचा एक फायदा असतो, दोन्हीकडचं खरं त्याच्या एकट्याच्या खिशात असतं. त्याला मी काहीही सांगू शकलो असतो. मावशी दमली आहे, म्हातारी झाली आहे, आता विश्रांती हवी. जिभेच्या टोकावर आलंही होतं. पण हातात दोरी होती. मी जसं घडलं तसं सांगितलं.

तो उलट्या डब्यावर बसला. 'मी तुम्हाला विचारलं होतं' असं तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं वाटलं असतं.

"मी हाताने ओळखायला हवं होतं," तो म्हणाला. "चाळीस वर्षं मुलांना हेच शिकवलं." मग ब्रश बाजूला ठेवून, "पुन्हा कोरून दिल्या तर?"

"काय कोरणार? कुठे काय होतं ते तिलाही आता आठवत नाही."

"ज्यांचं आहे त्यांना माहीत असेल," तो म्हणाला. "त्यांना विचारा."

हे इतकं सोपं होतं की मला सुचलं नव्हतं.

रविवारी देऊळ उघडायला मी गेलो. किल्ली घातली, फिरवली, पण कुलूप ढिम्म हलेना. मागे मंडळी जमली, पाहुणे जमले. मी घामाघूम. गर्दीतून मावशीचा आवाज आला, "आधी जरा वर उचल, मग फिरव." ती आली होती. मला काळजी होती की येणारच नाही. ती आत जाऊन दाराजवळच्या आपल्या जागी बसली, हात मांडीवर ठेवून. रविवारी ती कधी अशी नुसती बसलेली मी पाहिली नव्हती. सारखी उठून खिडकी उघडायची, कुणाच्या लेकराला पाणी द्यायची.

गीतं झाली, दोन भाषांतली. उपदेश झाला. मग सूचना, म्हणजे माझी वेळ. त्या दिवशी मी पाच-सहाच वाक्यं बोललो. खाचा कुणाच्या होत्या, कशासाठी होत्या आणि त्या घासायला कुणी सांगितलं. शेवटचं वाक्यही पुरं केलं. मग पाहुण्यांसाठी तेच त्यांच्या भाषेत सांगितलं, म्हणजे दोनदा कबूल करावं लागलं. दुभाष्याचा तोटा.

एकतीस वर्षं आपण कुणाच्यातरी बोटाखाली होतो हे कुणालाच माहीत नव्हतं. मग शिंपी उभा राहिला. आमच्याकडे कुठल्याही गोष्टीला पहिला विरोध शिंप्याचा.

"नवीन पॉलिश आहे," तो म्हणाला. "आता परत खिळ्याने ओरखडायचं?"

"खालून आहे हो," पाळकसाहेब म्हणाले. "तुम्ही काही खाली डोकं घालून बसत नाही."

लोक हसले, आणि हसण्याने काहीतरी सैल झालं. पाव भाजणारी बाई उठली. तोंडाने फटकळ, गिऱ्हाइकांशी रोज भांडणारी. ती मावशीजवळ जाऊन वाकली आणि तिच्या कानात काहीतरी बोलली. बराच वेळ बोलत होती. मी दोरी घेऊन मागे गेलो आणि मावशीसमोर धरली. तिने ती पाहिली, माझ्याकडे पाहिलं, घेतली, कमरेला बांधली आणि खिळा हातात धरला.

तिला खाली बसवेना. शिडीकाकाने पाव भाजणारीचं बाक एका टोकाने उचलून कलतं धरलं, मावशीच्या हाताच्या उंचीवर येईल इतकं. तिने तिरकी खाच कोरली. त्याच्या स्वतःच्या हाताने त्याच आठवड्यात लावलेल्या पॉलिशचा बारीक भुगा खाली पडला. मग नर्सबाई आल्या. मग सायकलवाला, बायकोला घेऊन. कुणी एकच शब्द सांगत होतं, कुणी रडत होतं, कुणी सांगता सांगता थांबून पुन्हा जागेवर जात होतं. शिडीकाका बाकं उचलत होता, ठेवत होता. बाकीच्या पाहुण्यांनी मुलांना बाहेर अंगणात नेलं आणि कोणीतरी पेटीवर तीच ती चाल हळू वाजवत राहिलं.

सगळे आले नाहीत. सात बाकं कोरीच राहिली. "राहू देत," मावशी म्हणाली. "ज्याच्या त्याच्या सवडीने." शिंपी शेवटी आला, पॉलिश कितपत उडालंय ते बघायला म्हणून. वाकून बघितलं, मग मावशीशी बोलला, आणि नाक शिंकरत बाहेर गेला. आता सहा राहिली.

मग शिडीकाका माझ्याकडे वळला. "तिला सांगा," तो म्हणाला, "माझी मुलगी सहा वर्षं माझ्याशी बोलत नाही. चूक माझी आहे."

मी सांगितलं. दहा दिवसांत पहिल्यांदाच मी पदरचं काही घातलं नाही.

पाहुणे दहा दिवस जिथे बसत होते त्या बाकाचं टोक आता मी उचललं. मावशीने फुली कोरली. मग त्याचं भलंमोठं बोट धरून त्या फुलीवर ठेवलं आणि मला म्हणाली, "त्याला विचार, मेण कधी भरायचं ते कळवेल ना?"

मी विचारलं. तो हो म्हणाला, दोनदा म्हणाला.

मंडळी पांगली. पाहुण्यांना सामान बांधायचं होतं. मावशी खिडक्या लावत होती, मी गीतांची पुस्तकं गोळा करत होतो. माझं बाक उजवीकडचं दुसरं. माझ्या घरी सगळं ठीक आहे, बायकोची तब्येत ठीक, मुली आपापल्या घरी सुखात. माझ्या बाकाखाली बहुतेक मेणच मेण असणार, अशी माझी समजूत होती. ते तिच्या तोंडून ऐकावंसं वाटलं.

"मावशी, माझ्या बाकाखाली काय होतं, आठवतं का काही?"

"तुझं आठवतं," ती म्हणाली. "मेण भरलेली एक आडवी, तुझ्या आईची. आणि एक उभी. उभी खाच दुसऱ्या कुणाच्या बाकाला नव्हती."

"उभी? ती कशाची?"

"तुझ्या तोंडाची." तिने खिडकीची कडी लावली. "तू विचारत नाहीस रे. सांगून मोकळा होतोस. लहान होतास तेव्हापासून. मनाचा वाईट नाहीस, म्हणून तर मागत होते. दर शनिवारी तिच्यावरून खिळा एकदा फिरवायचे, म्हणून ती सगळ्यात खोल."

मी हसलो. मग हसू पुढे जाईना.

"कधी मेण भरायची वेळ आली होती का?"

"छे!"

मी जाऊन माझ्या बाकाचं टोक उचललं. मावशी आली, खिळा कडेला टेकवला आणि थांबली.

"कोरू का?" तिने विचारलं.

मी तोंड उघडलं, मिटलं, आणि बाक आणखी थोडं वर उचलून धरलं.